भामिनीचे धैर्यधर

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मधोमध, विश्रामबाग हें ठिकाण लागतें. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें विलिंग्डन कॉलेज १९१९ सालीं निघालें तें येथलेंच. मराठी नाटकाचा इतिहास ज्याला पायीं हिंडून पाहावयाचा असेल त्याला मुक्कामासाठीं याहून सोयीची जागा मिळणें कठीण. एका हातास सांगली. तेथें १८४३ सालीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं 'सीता-स्वयंवर' उभें केलें व पुढें १८७२ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मास आले. सांगलीस लागूनच कृष्णा-वारणेच्या संगमावरचें हरिपूर, गोविंद बल्लाळ देवलांचें गांव. कृष्णाकांठीं वरच्या अंगास नागठाणें, राजहंसांचें गांव. आणि दुसऱ्या हातास मिरज. तेथें १९०५ सालीं त्या राजहंसांच्या घरांतला नारायण नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळींत शकुंतला होऊन प्रथम उभा राहिला. बालगंधर्व हें नांव लोकांच्या तोंडीं होतेंच. त्या दिवसापासून तें महाराष्ट्राच्या मनांत जाऊन बसलें.

या टापूंत नाटकाचें वेड पिढीजात आहे, आणि वेडाबरोबर येणारी एक जिज्ञासाही पिढीजात आहे. रंगभूमीवर जीं दोन माणसें एकमेकांवर जीव ओवाळून टाकतात, त्यांचें पडदा पडल्यावर काय होतें? तीं एका पंक्तीस जेवतात कीं एकमेकांचें तोंड चुकवितात? सुशिक्षित मंडळी असल्या चौकशीस उथळ म्हणतात, आणि मग स्वतःही तीच करतात.

ही जिज्ञासा कांहीं आपल्याच मातींतली नव्हे. अमेरिकेंत हॉलिवुडच्या मूकपटांचा अंमल होता त्या काळीं ग्रेटा गार्बो व जॉन गिल्बर्ट यांचा 'फ्लेश अँड द डेव्हिल' हा चित्रपट १९२६ सालीं तयार झाला, आणि पडद्यावरचा तो अनुराग पडद्याबाहेरही चालू आहे या वार्तेनें जगभरच्या प्रेक्षकांची झोंप उडाली. पुढें बोलपट आले. गार्बोची कीर्ति वाढली, गिल्बर्टचें नशीब उतरलें. १९३३ सालीं 'क्वीन ख्रिस्तीना' निघावयाचा होता तेव्हां गार्बोनें हट्ट धरून नायकाचें काम गिल्बर्टलाच देवविलें. प्रेम तोंवर सरलें होतें. तरीही तिनें तें केलें. गिल्बर्ट १९३६ च्या जानेवारींत वारला. दुसरी जोडी स्पेन्सर ट्रेसी व कॅथरिन हेपबर्न यांची. १९४२ पासून १९६७ पर्यंत दोघांनीं नऊ चित्रपटांत एकत्र कामें केलीं. ट्रेसी विवाहित होता आणि अखेरपर्यंत त्यानें घटस्फोट घेतला नाहीं. ही गोष्ट वर्षानुवर्षें सर्वांस ठाऊक असून कोणी छापीत नसे, आणि तो वारला तेव्हां त्याच्या कुटुंबाच्या संकोचास्तव हेपबर्न अंत्यविधीस गेली नाहीं. प्रेक्षकांना मात्र या जोडीचें कौतुकच राहिलें. त्या देशाच्या प्रेक्षकांचा हा उदारपणा पुढें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडील स्थिति निराळी होती. ज्या काळाची ही हकीकत, त्या काळीं संगीत नाटक मंडळ्यांतील नायक पुरुष आणि नायिकाही पुरुषच. म्हणजे दोहोंमधल्या प्रेमाविषयीं कुजबुजण्यास जागाच नव्हती. तरी जोड्या जमत, गाजत आणि मोडत. आणि त्या मोडल्या कीं प्रेक्षकांस घरांतलें भांडण झाल्यासारखें दुःख होई. हें कसें होत असे, तें एकाच नाटकाच्या आधारें पाहतां येतें. तें नाटक म्हणजे खाडिलकरांचें 'मानापमान'.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. श्रीमंत घरची मानी भामिनी, सेनापति असला तरी निर्धन म्हणून धैर्यधराचा अव्हेर करते. मग स्वतःच वनमालेच्या साध्या वेषांत त्याच्या जवळ येऊन त्याला ओळखते. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीनें हें नाटक प्रथम केलें. भामिनी नारायणराव, धैर्यधर मंडळीचे प्रमुख नानासाहेब जोगळेकर, आणि तो भित्रा पण पैसेवाला लक्ष्मीधर गणपतराव बोडस. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशीं नारायणरावांची लहान मुलगी वारली होती. खेळ बंद ठेवावा असें सुचविण्यांत आलें असतां त्यांनीं तें मानलें नाहीं, आणि भामिनी ठरल्या वेळीं उभी राहिली. या प्रसंगाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. त्यांत नारायणरावांच्या घरचें दुःख थोडें झाकलें जातें, हें मात्र खरें.

नानासाहेब जोगळेकर हे भामिनीचे पहिले धैर्यधर. ते रूपवान व रुबाबदार नट होते आणि मंडळीच्या पोरसवदा नटांवर त्यांचा वडीलकीचा हात असे. पण त्याच वर्षीं ते वारले. मंडळींत पुढें मतभेद वाढले आणि १९१३ च्या जुलैंत नारायणराव, टेंबे व बोडस हे तिघे बाहेर पडून त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली.

आतां भामिनीचे धैर्यधर झाले गोविंदराव टेंबे. कल्पना केली तरी मौज वाटते. ज्यानें त्या पदांना चाली लाविल्या, तोच तीं पदें नायक होऊन म्हणतो आहे, आणि समोरची नायिका त्याच्याच चालींना असें कांहीं वळण देते आहे कीं जें त्याच्याही मनांत आलें नसेल. दोघे मालक, दोघे गवई. पण एका म्यानांत इतक्या तलवारी कशा राहाव्यात? गोविंदराव थोड्याच वर्षांत बाहेर पडले व त्यांनीं शिवराज नाटक मंडळी काढली. ते कडवटपणा घेऊन गेले नसावेत. कारण त्यांच्या पुढच्या लिखाणांत रसिकता जितकी आहे तितका राग नाहीं. पुढें १९३२ सालीं कोल्हापुरास प्रभात कंपनीनें शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखालीं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, त्यांत हरिश्चंद्र झाले हेच गोविंदराव, आणि तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. भामिनीच्या धैर्यधरासमोर आतां खरीखुरी स्त्री, आणि तीही मुंबईच्या सुखवस्तु, सुशिक्षित घरांतली, उभी होती. एका माणसाच्या आयुष्यांत मराठी नायिका पुरुषाची स्त्री झाली, ती अशी.

गणपतराव बोडसांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. ते गायक नव्हते म्हटलें तरी चालेल; त्यांचा सारा भर बोलण्यावर व मुद्रेवर. देवलांचें 'संशयकल्लोळ' त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ सालींच गंधर्व मंडळीनें केलें, त्यांत बोडसांचा फाल्गुनराव व नारायणरावांची रेवती. एकानें प्रेक्षकांस हसवावें, दुसऱ्यानें डोलवावें, अशी ती वांटणी होती. परंतु दोघांची खरी जोडी जमली 'एकच प्याला'मध्यें. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले आणि त्यांचें हें नाटक पुढच्याच महिन्यांत, २० फेब्रुवारीस, बडोद्यास रंगभूमीवर आलें. सुधाकर बोडस, सिंधु नारायणराव. भरजरी शालूंत पाहण्याची ज्यांची संवय, त्या प्रेक्षकांनीं आपल्या लाडक्या नायिकेला ठिगळांच्या लुगड्यांत दळतांना पाहिलें. दारूच्या पायीं संसाराची राख करणाऱ्या नवऱ्याचें काम इतकें खरें करावें कीं प्रेक्षकांनीं त्याचा तिरस्कार करावा, आणि त्या तिरस्कारावरच सिंधूची करुणा उभी राहावी, हें काम सोपें नव्हे. सिंधूच्या पदांना मिळालेल्या वन्समोअरांत बोडसांचा अर्धा वांटा होता. तो त्यांना लोकांनीं दिला कीं नाहीं हा प्रश्नच आहे. व्यवहारांत मात्र हा संसारही टिकला नाहीं. बोडस मंडळींतून निघाले, मंडळी एकट्या नारायणरावांची झाली, आणि आपली बाजू गणपतरावांनीं 'माझी भूमिका' या आत्मचरित्रांत मांडली. दोघे निराळे झाले तरी सिंधु-सुधाकर म्हटलें कीं जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढें दोघे एकत्रच येत. लोकांनीं रंगभूमीवरचा संसार मोडूं दिला नाहीं.

येथवर जे धैर्यधर झाले ते भामिनीच्या घरचे होते. तिसरा आला तो परक्या घरांतून, नव्हे, प्रतिस्पर्ध्याच्या घरांतून.

केशवराव भोसले कोल्हापूरचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०. गरिबींत वाढलेलें हें पोर लहानपणींच नाटक मंडळींत शिरलें आणि देवलांच्या 'शारदें'तल्या शारदेच्या कामानें गाजलें. १९०८ च्या आरंभीं, वयाची अठरा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, त्यांनीं हुबळीस ललितकलादर्श मंडळी काढली. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम, उंच पट्टीचा धारदार आवाज, तान अशी कीं विजेसारखी लखलखून जावी. नारायणरावांचें गाणें याच्या उलट: तेथें घाई नाहीं, स्वर जसा कांहीं मधांत बुडवून काढलेला. त्यामुळें महाराष्ट्रांतल्या घरांत दोन तट पडले. एकाच बिऱ्हाडांत थोरला भाऊ गंधर्वांचा व धाकटा केशवरावांचा असे, आणि रात्रीं जेवणें थंड होईपर्यंत वाद चाले. हल्लीं क्रिकेटपटूंवरून जसे वाद होतात तशांतलेंच तें; फरक इतकाच कीं त्या वादांत गाण्याचा थोडाफार अभ्यास लागे.

लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं गेले. त्यांच्या नांवें स्वराज्य फंड उभा राहिला, एक कोटि रुपये जमविण्याचा संकल्प झाला. या फंडासाठीं दोन्ही मंडळ्यांनीं मिळून 'मानापमान' करावें असें ठरलें. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस ग्रँट रोडवरच्या बालीवाला थिएटरांत तो संयुक्त प्रयोग झाला. भामिनी नारायणराव, वय तेहतीस. धैर्यधर केशवराव, वय तीस. दर चढे असून जागा उरली नाहीं.

त्या रात्रीं कोणी कोणास जिंकलें, याची चर्चा पुढें पन्नास वर्षें चालली आणि तिचा निकाल लागला नाहीं, हें ठीकच झालें. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. नाटक कोणतें निवडलें? जें मान व अपमान यांवर रचलेलें आहे तें. भामिनीनें धैर्यधरास प्रथम तुच्छ लेखावयाचें, धैर्यधरानें मानी पुरुषाप्रमाणें तोंड फिरवावयाचें, आणि मग दोघांनीं एकमेकांची योग्यता ओळखावयाची, हीच तर त्या दोन नटांची खरी स्थिति होती. दोन मालक, दोन घराण्यांचे अभिमान, दोन तट. पदरमोड करून एकमेकांचे खेळ पाडणारे प्रतिस्पर्धी ते नव्हते, तरी एका रंगभूमीवर उभे राहणें दोघांसही अवघड होतें. एखादें पद पडलें तर ज्याचें पडेल त्याच्या तटाची मान खालीं जावयाची. असें असतां नाटकांत नायक-नायिकेनें एकमेकांस जागा द्यावी लागते. ज्याला दुसऱ्याचें गाणें ऐकतां येत नाहीं त्याला त्याच्यापुढें नायक होतां येत नाहीं. केशवरावांना तें आलें व नारायणरावांना तें आलें, म्हणून प्रयोग स्पर्धा न ठरतां नाटक ठरला. याच जोडीनें 'सौभद्रा'चाही संयुक्त प्रयोग केला. ही जोडी आतां वरचेवर दिसेल अशी आशा रसिकांना वाटूं लागली.

तीन महिनेही पुरे झाले नव्हते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव वारले. वय एकतीस. ललितकलादर्श पुढें बापूराव पेंढारकरांनीं सांभाळली. मराठी रंगभूमीवरील सर्वांत प्रसिद्ध अशा या नायक-नायिकेचा संसार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रात्रींचा झाला, आणि तरी जिच्याविषयीं सर्वांत अधिक बोललें गेलें ती जोडी हीच.

मिरजेच्या विनायकबुवा पटवर्धनांनीं १९२२ पासून दहा वर्षें गंधर्व मंडळींत नायकाचीं कामें केलीं. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष असा तो थाट. उंची वस्त्रें, खरे दागिने, अत्तरें, यांत नारायणराव पैशाकडे पाहत नसत. प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया त्यांच्याप्रमाणें लुगडें नेसत, त्यांच्याप्रमाणें केसांत फुलें माळीत. स्त्रीनें कसें शोभावें हें महाराष्ट्रानें एका पुरुषापासून शिकून घेतलें, आणि त्यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. पण कर्ज वाढत होतें आणि बोलपट दाराशीं आला होता. १९३४ च्या अखेरीस मंडळीचा गाडा थांबला. नारायणराव प्रभातमध्यें गेले व १९३५ सालीं 'धर्मात्मा'मध्यें एकनाथ झाले. पुढें एका चित्रपटांत मीराबाईही झाले. पण दिव्यांच्या ओळीपलीकडून जें लावण्य वाटे, तें कॅमेऱ्याच्या डोळ्यानें जवळून पाहिल्यावर तसें राहीना. गिल्बर्टला बोलपटानें जें केलें तेंच थोडेंबहुत नारायणरावांना केलें. ते पुन्हां रंगभूमीकडे वळले.

आणि १९३७-३८ च्या सुमारास गोहरबाई आल्या. विजापूर जिल्ह्यांतल्या बिळगीच्या या गायिका. चित्रपटांत गाणाऱ्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. नारायणरावांच्या तबकड्या ऐकून ऐकून गोहरबाईंनीं ती गायकी गळ्यांत उतरविली होती. ज्या भूमिका नारायणरावांनीं तीस वर्षें केल्या, त्या आतां एक स्त्री, त्यांच्याच ढंगानें, त्यांच्याच मंडळींत करूं लागली. रंगभूमीवरचें हें नातें घरापर्यंत पोंचलें, आणि पुढें दोघांनीं विवाह केला.

ज्या समाजानें भामिनीस डोक्यावर घेतलें होतें त्याच समाजानें आतां दारें लावून घेतलीं. धर्म निराळा, जात निराळी, पेशा गाण्याचा. जुने स्नेही दुरावले. भरलेल्या नाट्यगृहांतल्या पुढच्या रांगा मोकळ्या दिसूं लागल्या. गंधर्वांचें वैभव हिनें बुडविलें, हें वाक्य इतक्या वेळां बोललें व लिहिलें गेलें कीं तें इतिहास होऊन बसलें. या वाक्याची परीक्षा सालांनीं करावी. मंडळी बंद पडली १९३४ मध्यें. कर्जाचा डोंगर त्याच्याही आधींचा. आवाजाचें व रूपाचें वय झालें तें कोणाच्या येण्यानें नव्हे. नाटकांची सद्दी संपविली ती बोलपटानें, आणि ती एकट्या गंधर्वांची नव्हे, साऱ्याच मंडळ्यांची. गोहरबाई आल्या त्या पडलेल्या घरांत आल्या. त्या आल्या म्हणून घर पडलें, हें म्हणणें साधी तारीखवार वहीही कबूल करीत नाहीं. त्यांच्या हातून व्यवहारांत चुका झाल्या असतील, स्वभाव करडा असेल. पण ज्या वर्षांत टाळ्या देणारे घरीं बसले त्या वर्षांत त्या माणसापाशीं राहिलें कोण, हेंही कोणीं लिहून ठेवावयास हवें होतें. नानासाहेब, गोविंदराव, केशवराव हे भामिनीचे धैर्यधर. नाटकांत धैर्यधर निर्धन असतो, त्याला वैभवाच्या घरांतून हांकललें जातें, आणि वनमाला त्याच्यापाशीं येते. १९३७ नंतर ही कथा पुन्हां घडली तेव्हां निर्धन होते ते स्वतः नारायणराव, आणि आपल्या लोकांचे टोमणे सोसून त्यांच्यापाशीं आली ती गोहरबाई.

गोहरबाई १९६४ सालीं वारल्या. त्याच वर्षीं नारायणरावांना पद्मभूषण मिळालें. त्यानंतर तीन वर्षें ते होते. शरीर विकल झालेलें, बोलणें थोडें. हॉलिवुडांत स्पेन्सर ट्रेसी १० जून १९६७ रोजीं गेला. पुण्यांत नारायणराव १५ जुलैस गेले.

सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या नांवाचें जें पदक रंगभूमिदिनीं, ५ नोव्हेंबरास, देण्यांत येतें त्याचे पहिले मानकरी बालगंधर्वच. मिरजेस त्यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. केशवरावांच्या नांवाचें कोल्हापुरास होतें, शाहू महाराजांनीं बांधविलेलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें आगींत सांपडलें. दुसऱ्या दिवशीं केशवरावांची जयंती होती. पुण्यांत बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ सालीं खुद्द नारायणरावांच्या हस्तें बसली होती. तें १९६८ मध्यें खुलें झालें. तेथें गोपाळ देऊसकरांनीं काढलेलीं त्यांचीं दोन मोठीं तैलचित्रें आहेत. एक स्त्रीवेषांतलें, एक पुरुषवेषांतलें. नाटक सुरू होण्यापूर्वीं लोक तेथें घटकाभर उभे राहतात, आणि कोणी वडीलधारें माणूस बरोबरच्या मुलांना सांगतें कीं हीं दोन माणसें नव्हेत.